‘बॅग माझी होती’

प्रश्न : पत्रलेखक सत्तेचाळीस वर्षांचे अभिनेते आहेत. रंगभूमीवर वाढलेले, आता एका मराठी दैनंदिन मालिकेत बापाचं काम करतात. घटस्फोटाला सहा वर्षं झाली. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत, आईबरोबर कोथरूडला राहतो. पत्रलेखक मुंबईत असतात. महिन्यातले दोन शनिवार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस मुलाने वडिलांकडे राहायचं, असं कोर्टाच्या कागदावर आहे. प्रत्यक्षात भेटी विरळ होत गेल्या, आणि गेले सात महिने मुलगा फोन उचलत नाही की मेसेजला उत्तर देत नाही.

मालिकेतही याच सुमारास नेमका हाच ट्रॅक आला. घर सोडून गेलेला बाप परततो, वयात आलेला मुलगा त्याला झिडकारतो, आणि तीन महिन्यांनी महाएपिसोडमध्ये दोघं एक होतात. त्यातल्या गाजलेल्या प्रसंगात मुलगा सांगतो, की लहानपणी बाबा न्यायला येणार म्हणून तो बॅग भरून खिडकीत बसला होता. बाबा आले नाहीत. मग आईला दिसू नये म्हणून त्याने गुपचूप बॅग रिकामी केली आणि कपडे घडी घालून कपाटात ठेवले.

हा प्रसंग पत्रलेखकांच्या स्वतःच्या मुलाचा आहे. सेटवर लायटिंग चालू असताना चहा पिता पिता त्यांनी तो संवादलेखकाला सांगितला होता. प्रसंगाची क्लिप खूप फिरली. एका मुलाखतीत पत्रलेखक म्हणाले, “हा सीन माझ्या काळजाजवळचा आहे.” दुसऱ्या दिवशी रात्री सात महिन्यांत पहिल्यांदाच मुलाचा मेसेज आला : ‘बॅग माझी होती.’

त्याला अकरा दिवस झाले. उत्तर गेलेलं नाही.

आता वाहिनीच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्यात ‘सर्वोत्कृष्ट बाबा’ हा पुरस्कार खऱ्या मुलाच्या हातून द्यावा असं ठरतंय. पत्रलेखक विचारतात : “त्या निमित्ताने तो आला तर हजार लोकांसमोर मी त्याची माफी मागेन. की सरळ कोर्टात जाऊन माझ्या हक्काच्या भेटी मागू? त्याची आई त्याचं डोकं भरवते असं मला वाटतं. पडद्यावर जे तीन महिन्यांत जमलं, ते घरी का जमत नाही?”

उत्तर :

नमस्कार.

घाईची गोष्ट आधी. पुरस्कार सोहळ्याला नाही म्हणा, आणि आजच म्हणा. “मुलाची परीक्षा आहे” वगैरे सबब सांगू नका, कारण सबब दिली की परीक्षेनंतरची तारीख शोधली जाते. “माझ्या मुलाला यात आणायचं नाही” एवढंच सांगा. वाहिनीची माणसं थोडी खट्टू होतील, मग तुमच्या आईला बोलावू म्हणतील. तो निर्णय तुमच्या आईंचा.

तुमची मालिका कोणती हे मी ओळखलं की नाही, ते सांगणार नाही. आमच्या घरात संध्याकाळी सात ते नऊ टीव्हीचा ताबा माझ्या सासूबाईंकडे असतो, एवढं सांगते. तुम्ही ज्याला पडद्यावर ‘जमलं’ म्हणता, ते पाहून त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला असणार.

पण ते जमलं म्हणजे काय झालं? तुम्हीच पत्रात एक तपशील दिलाय आणि दिल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवलीय. तुमचा क्लोजअप घ्यायची वेळ आली तेव्हा मुलाचं काम करणारा नट पॅकअप करून गेला होता. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून सहायक दिग्दर्शक कागदावरून त्याची वाक्यं वाचत तुम्हाला क्यू देत होता. आणि तरी तुम्हाला ग्लिसरीन लागलं नाही. तुमचं रडणं खरं होतं याबद्दल मला शंका नाही. पण समोर कोणी नव्हतं. जो आवाज होता त्याला कागदावरच्या वाक्यांपलीकडे काही बोलायची मुभा नव्हती. पडद्यावरच्या मुलाने बापाला माफ करायचं हे एका बैठकीत ठरलं, गुरुवारचे टीआरपीचे आकडे समोर ठेवून. त्याचे संवाद त्याला सकाळी व्हॉट्सअॅपवर आले. तुमचा मुलगा आपली वाक्यं आपण लिहितो, आणि सात महिन्यांत त्याने एकच लिहिलंय. तीन शब्दांचं.

मला वाटतं, तुम्ही अकरा दिवस अडकलात ते त्या वाक्याला तोडीस तोड वाक्य सापडत नाही म्हणून. तुम्ही फाडलेले चार मसुदे पत्राबरोबर पाठवलेत. चारही सुंदर आहेत. एकात पाऊस आहे, एकात तुमचे वडील आहेत. ते फाडलेत हे बरं केलंत.

आता तुमचं पत्र मी जसं वाचलं तसं तुम्हाला दाखवते. थोडं बोचेल.

तुम्ही लिहिता, मुलाला जवळ आणायचे ‘सगळे प्रयत्न’ केले. ते प्रयत्न मी कागदावर काढले. लहानपणी त्याला गोरेगावला चित्रनगरीत शूटिंग दाखवायला नेलंत. पुण्यात नाटकाचा प्रयोग असला की त्याच्या नावाने दोन पास बुकिंगच्या खिडकीवर ठेवता. मालिकेत एका भागापुरतं छोटं काम देऊ केलंत. महाएपिसोड बघ म्हणून प्रोमो पाठवलात. आणि आता हा सोहळा. यातल्या एकाही ठिकाणी तो जिथे असतो तिथे तुम्ही गेलेला नाहीत. दर वेळी तो तुमच्या जागी येणार, तुम्ही उजेडात असणार आणि तो खाली अंधारात बसून बघणार. तुम्ही मुलाला बोलावत आलात ते प्रेक्षक म्हणून. आणि ज्याला तुम्ही भर सभेत माफी म्हणता, तोही एक प्रयोगच झाला असता. त्याला स्टेजवर उभं करून, पुढे हजार माणसं, तीन कॅमेरे, आणि ‘बाबांना मिठी मार’ असा इशारा करणारी निवेदिका. त्याने तिथे मिठी मारली नसती तर तो महाराष्ट्रभर दुष्ट ठरला असता. मारली असती तर त्याने तुम्हाला माफ केलं की कार्यक्रम पार पाडला, हे तुम्हालाही कधी कळलं नसतं.

पुण्यातल्या प्रयोगांचा मुद्दा तर मला राहवत नाही म्हणून वेगळा काढते. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात तुमचे वर्षाला सात-आठ प्रयोग होतात, असं तुम्हीच म्हणता. म्हणजे वर्षातून सात-आठ वेळा तुम्ही त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर असता. पास खिडकीवर ठेवता, पडदा पडल्यावर रिकाम्या खुर्च्यांकडे बघता, आणि मंडळींच्या बसमध्ये बसून मुंबईला परत जाता. तो नाटकाला आला नाही, खरं आहे. तुम्हीही त्याच्या गल्लीत गेला नाहीत.

शूटिंगमधून वेळ मिळत नाही हे मी मानते. बारा तासांची शिफ्ट, वर मेकअप आणि घोडबंदर रोडची वाहतूक, उद्याचा कॉलटाइम आज रात्री कळणार, रोजावर पैसे आणि तेही नव्वद दिवसांनी. बाहेरच्यांना तुमच्या धंद्यातलं ग्लॅमर दिसतं, हे दिसत नाही. पण नाटकाच्या तारखा तुम्ही काढून घेताच ना? मराठीतला नाटकवाला नट मालिकेचा करार करताना आधीच बजावतो, की माझे प्रयोग आहेत, त्या शनिवार-रविवारी मला धरू नका. निर्माता कुरकुरतो आणि मान्य करतो, कारण नाटक हे कारण तुमच्या धंद्यात आदराचं आहे. ‘महिन्यातून दोन रविवार मुलाला’ ही अट तुम्ही कधी घातलीत का? मान्य झाली नसती असं म्हणाल. कदाचित. पण न विचारलेल्या गोष्टीला नकार मिळाला असं धरून चालणं, हे तुमच्या पत्रात मला आणखी दोन ठिकाणी दिसलं.

आता बॅगेकडे येते.

एप्रिल 2021. निर्बंध लागायच्या आत त्याला मुंबईला आणायचं ठरलं होतं. त्याच दिवशी कळलं की मुंबईतलं शूटिंग थांबतंय आणि युनिट रातोरात गोव्याला हलतंय. तेव्हा कितीतरी मराठी आणि हिंदी मालिका अशाच गोवा, सिल्वासा, दमणकडे धावल्या होत्या, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यानेही परवानगी काढून घेतल्यावर तिथूनही उठल्या. त्या महिन्यात कुणाचीच कुठलीही योजना टिकली नाही. तुम्ही गेलात यासाठी तुम्हाला दोषी धरणं अन्याय होईल, आणि मला नाही वाटत तुमचा मुलगा तसं धरतो. तुम्ही चारला येणार होतात. न येण्याचं तुम्हाला दुपारी दोनला माहीत होतं. फोन केलात रात्री साडेनऊला, बस पनवेल सोडून बरीच पुढे गेल्यावर. अकरा वर्षांच्या पोराच्या खात्यावर ते मधले साडेपाच तास आहेत. गोवा नाही.

आणि त्या साडेपाच तासांत त्याने जे केलं ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला दिसू नये म्हणूनच तर बॅग रिकामी केली. ती तिने दाराआडून पाहिली, आणि पुढे एका भांडणात तुमच्या तोंडावर फेकली. म्हणजे गोष्ट आधीच एकदा त्याच्या हातून निसटलेली होती. तुम्ही ती दुसऱ्यांदा दिलीत. लेखकाने आपलं काम केलं, चांगल्या लेखकाला असं काही ऐकलं की झोप येत नाही. ती मग दुसऱ्याच मुलाच्या तोंडी गेली, त्यावर पार्श्वसंगीत चढलं, आणि तुमच्या मुलाच्या क्लासमधल्या पोरांनी ती त्यालाच पाठवली असेल, ‘तुझे बाबा काय भारी रडलेत’ म्हणून. शिवाय ती पडद्यावर सुफळ संपूर्ण झाली. त्याची अजून व्हायची आहे.

त्यामुळे तो मेसेज तुम्ही समजता तसा ‘दार किलकिलं झालं’ या अर्थाचा आहे असं मी लगेच म्हणणार नाही. त्याने आपली वस्तू परत मागितलीय. माणूस ज्याच्याशी संबंध पुरता तोडतो त्याच्याकडे वस्तू मागत नाही, हेही तितकंच खरं. पण ते तुम्ही मनात ठेवा. त्याला बोलून दाखवू नका.

उत्तर आज पाठवा. मी नमुना देते. तुमच्या भाषेत करा, पण लांबवू नका :

‘हो. बॅग तुझी होती. तुला न विचारता मी ती गोष्ट दुसऱ्याला सांगितली. ते चुकलं. तुझ्याबद्दलचं काहीही यापुढे माझ्या कामात किंवा मुलाखतीत येणार नाही. त्या दिवशी मला दोनलाच माहीत होतं आणि मी साडेनऊला फोन केला, तेही चुकलं.’

यात ‘पण’ नाही. गोवा नाही, लॉकडाऊन नाही, ‘मला किती त्रास झाला’ हे नाही. शेवटी प्रश्नही नाही, कारण प्रश्न विचारला की त्याच्यावर उत्तराची जबाबदारी येते. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि पुढे काही आलं नाही, तर तिथेच थांबा. ‘बघितलंस का?’ असं विचारू नका.

मग दिलेला शब्द पाळायची सोय करा. टेलिकास्ट झालेला भाग तुमच्या हातात नाही, तो वाहिनीचा. तो काढून टाकतो असं मुलाला सांगू नका, जमणार नाही आणि आणखी एक शब्द मोडेल. तुमच्या हातात आहे ते हे : स्वतःच्या खात्यावरची ती क्लिप काढा. लेखकाला भेटून सांगा की बॅग पुन्हा फ्लॅशबॅकमध्ये येऊ नये. मुलाखतीत कुणी विचारलं तर “तो प्रसंग लेखकाने छान लिहिला” एवढंच बोला. आणि मालिकेतल्या त्या गुणी मुलाबरोबरची रील्स. तो तुम्हाला सेटबाहेरही ‘बाबा’ म्हणतो, तुम्ही फोटोखाली ‘माझा लेक’ लिहिता. त्या पोराचं काहीच चुकत नाही, त्याला तुमची मायाही मिळू दे. पण ‘माझा लेक’ हे दोन शब्द काही काळ कुठेही लिहू नका.

तुमचं पत्र अकराशे शब्दांचं आहे. पडद्यावरच्या मुलाबद्दल मला त्यातून कळलं की त्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, त्याची आई नाशिकहून चिवडा पाठवते, त्याला रडायचा सीन असला की तो सकाळपासून गप्प असतो. तुमच्या मुलाबद्दल कळलं ते इतकंच : सोळा वर्षं, अकरावी, ‘सतत मोबाइलवर’. विज्ञान की वाणिज्य तेही नाही. सेटवर कंटिन्युइटी बघणारा सहायक असतो, त्याच्याकडे नोंद असते की आधीच्या शॉटमध्ये घड्याळ कुठल्या हातात होतं, वरचं बटण लावलेलं होतं की नव्हतं. तीन आठवड्यांनी पुढचा तुकडा शूट करायचा असला तरी तो सांगतो, “सर, पेन डाव्या खिशात.” तुमच्या मुलाच्या बाबतीत तुमची शेवटची नोंद अकराव्या वर्षाची दिसते. बॅडमिंटन आवडतं, असं तुम्ही लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत, “बहुतेक अजून खेळत असावा.” मालिकेत अशी अडचण आली की सात वर्षांचा लीप घेतात, नवा नट येतो, बाप-लेक पहिल्या भागापासून एकमेकांना ओळखतात. तुम्हाला मधली वर्षं गाळता येणार नाहीत. ती विचारून भरावी लागतील, आणि ज्याला विचारायचं तो सध्या बोलत नाही.

म्हणून आता त्याच्या आईबद्दल. ती डोकं भरवते, असा तुमचा संशय आहे. असे पालक असतात, मी पाहिलेत. मुलाला निरोप्या, हेर आणि वकील करून ठेवणारे. पण तुमच्या पत्रात त्याला आधार काय, तर मुलगा येत नाही हा. पाच वर्षांपूर्वी बॅगेची गोष्ट तुम्हाला कळली ती तिच्यामुळे. चिडून का असेना, मुलाला काय झालंय हे तिने तुमच्यापर्यंत पोचवलं होतं. सोळा वर्षांच्या मुलाकडे रागवायला स्वतःची कारणं असू शकतात, त्याला आईच्या शिकवणीची गरज लागत नाही. तुम्हाला आईचं कारण सोयीचं वाटतं, कारण मग भांडण मोठ्या माणसांचं राहतं आणि तुम्हाला सवयीचं असतं.

तिला एक फोन करा. मुलाला समजाव म्हणून नाही. मेसेज आला, मी हे उत्तर दिलं, पुढे त्याला त्रास होणार नाही असं वागायचंय, एवढं सांगा. तो ठीक आहे का, विचारा : झोपतो का, कॉलेजला जातो का, मित्र आहेत का. यातल्या कशाबद्दल ती काळजीच्या सुरात बोलली तर सगळं बाजूला ठेवून दोघं मिळून समुपदेशकाकडे जा. तातडीचं वाटलं तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि हो, पैशांचं. मालिकेचे पैसे अडकले की तुम्ही पोटगी उशिरा भरता आणि तेवढे दिवस फोनही बंद ठेवता, असं तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय. उशीर होणार असेल तर आधी कळवा. दोनला माहीत असलेलं साडेनऊला सांगण्याचाच हा प्रकार आहे.

कोर्टाचं थोडक्यात. भेटीचा आदेश तुमच्याकडे आहे, तो पाळला जात नाही असा अर्ज तुम्ही करू शकता, तो तुमचा हक्क आहे. लहान मूल दडवून ठेवलं असतं तर मी स्वतः तुम्हाला वकिलाकडे पाठवलं असतं. पण 1890च्या ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ कायद्यातच म्हटलंय, की मुलाला स्वतःचं मत बनवण्याइतकी समज असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. सोळा वर्षांच्या मुलाला न्यायाधीश विचारणारच. आणि तो काय सांगेल? बॅग? कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, पुढे कधी तिघांनाही मान्य असेल तर त्यांच्यासमोर बसा. आदेशाच्या जोरावर आणलेला शनिवार तुमच्या काही कामाचा नाही. दोन वर्षांत तो अठराचा होईल, मग तो कागदही उरणार नाही.

तर मग करायचं काय, रोजच्या जगण्यात?

जेवढं हमखास पाळता येईल तेवढंच कबूल करा. महिन्यातले दोन शनिवार तुमच्याच्याने होत नाहीत हे पाच वर्षांत सिद्ध झालंय. कोथरूडच्या प्रयोगाच्या तारखा मात्र महिनाभर आधी ठरतात. दुपारचा प्रयोग असेल तर संध्याकाळी बसला पुढे जाऊ द्या आणि मागे राहा. त्याला आठ दिवस आधी कळवा : ‘रविवारी सात ते साडेआठ मी तुमच्या जवळच्या अमुक हॉटेलात बसलेला असेन. यायलाच हवं असं नाही.’ आणि खरंच बसा. पुस्तक न्या. लोक ओळखतील, सेल्फी मागतील, “आमच्या घरी सगळे तुमच्यासाठी रडतात” म्हणतील, त्यामुळे कोपऱ्यातलं टेबल घ्या, टोपी घाला. तो पहिल्यांदा येणार नाही, दुसऱ्यांदाही बहुधा नाही. साडेआठला उठा आणि ‘निघालो. पुढचा प्रयोग अमक्या तारखेला’ एवढं कळवा. खिडकीत बसून वाट बघायची पाळी या खेपेला तुमची आहे. मात्र हे असं त्याला लिहिण्याचा मोह आवरा. तुम्हाला होईल तो, मला झालाच.

तारीख बदलली तर ती ज्या मिनिटाला कळेल त्या मिनिटाला त्याला कळवा. मेकअप चालू असला तरी.

मधल्या दिवसांत रात्री उशिरा लिहा. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, अकरा-साडेअकराला ही मुलं सगळ्यात जागी असतात. आळस नव्हे, शरीराचाच तो भाग आहे. तुमचं पॅकअप होऊन तुम्ही घरी पोचता तीच ही वेळ. बाकी सगळं वेळापत्रक तुमच्या विरोधात असताना एवढी एक गोष्ट जुळलेली आहे. आठवड्यातून एकदा, दोन ओळी. उपदेश नको, सुविचार नको, स्वतःचा फोटो तर नकोच. ‘आज सेटवर जनरेटर गेला, दीड तास अंधारात बसलो, एका मांजरीने सगळ्यांचे डबे उघडले.’ असलं काहीतरी, ज्याला उत्तर दिलं नाही तरी चालतं.

तो कधीतरी येईल. मला तसं वाटतं, खात्री देत नाही. आला तर समोरासमोर बसवून बोलू नका. रिक्षात, चालताना, खेळताना, म्हणजे शेजारी शेजारी असताना मुलं जास्त बोलतात. डोळ्यांत डोळे घालून झालेलं संभाषण त्यांना तोंडी परीक्षेसारखं वाटतं. बॅडमिंटन अजून खेळत असेल तर तो कुठे खेळतो ते विचारा, आणि चालणार असेल तर जाऊन बाकावर बसा. टाळ्या वाजवू नका. तो तुम्हाला घालूनपाडून बोलला तर बोलू द्या. तुमचा चेहरा बोलका आहे, त्यावर तुमचं पोट चालतं, पण त्या वेळी तो चेहरा सांभाळा. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याला त्याचा राग आवरता घेऊन तुमची समजूत काढावी लागेल. नाही तर मनात म्हणेल, हा शॉट देतोय.

हे वाचणाऱ्या बाकीच्या बाबांना (आणि आयांनाही) वाटेल, आपण कुठे मालिकेत आहोत. बोटीवर असता, आखातात असता, बंदोबस्तावर असता, एसटीच्या मुक्कामी गाडीवर असता, ठीक. पण मुलगी पहिल्यांदा हरली तेव्हाचा रडका फोटो, मुलाने आजीला लिहिलेली चिठ्ठी, बारावीतला झटका आणि ‘त्यातून आम्ही कसे सावरलो’, हे कुटुंबाच्या ग्रुपवर आणि फेसबुकावर टाकताना कितीजण त्या मुलाला विचारतात? तिथेही संगीत चढतं, फक्त ते टाळ्यांच्या इमोजीचं असतं.

आता माझी कबुली. हे सगळं लिहिताना मला सारखं टोचत होतं, की तुम्ही केलंत तेच मी करतेय. तुमच्या मुलाची गोष्ट त्याला न विचारता छापतेय. म्हणून तुम्हाला कळवून मी तपशील बदलले. गाव, वय, खेळ, यातलं काय खरं आणि काय नाही हे सांगणार नाही. पण बॅग बॅग नव्हती. ती काय होती हे तुम्हाला, त्याच्या आईला आणि त्याला माहीत आहे, आणि पत्र वाचल्यामुळे मला. त्याने हे सदर वाचून मला ‘ती गोष्ट माझी होती’ असं लिहिलं तर मीही तेच उत्तर देईन जे तुम्हाला द्यायला सांगितलं. ‘पण’ न लावता.

पुढच्या प्रयोगाला ते दोन पास मात्र खिडकीवर ठेवू नका. व्यवस्थापकाला सांगा, विकून टाक.